हळदीच्या व्हिडिओचा आवाज

आमच्या नात्यात कुणाचाही मोबाईल अडला की तो माझ्याकडे येतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी ऑफिसात बसते. गेटवरच्या टीव्हीवर दिवसभर सुरक्षेचे व्हिडिओ फिरतात, ते त्या टीव्हीला चालतील अशा फॉरमॅटमध्ये करून देणं हेही माझ्याच गळ्यात पडलेलं काम. तेवढ्या भांडवलावर मी कॉम्प्युटरवाली झाले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कुणी काही विचारलं की आधी उसासा टाकायचा, मग उपकार केल्यासारखं करून द्यायचं, अशी माझी पद्धत.

मागच्या वर्षी वांगणीच्या मामांचा फोन आला. मामी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मुलानं त्यांना नवा टीव्ही बसवून दिला होता आणि त्यावर त्यांना मुलाच्या हळदीचा व्हिडिओ बघायचा होता. तो मी माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर काढलेला. त्या दिवशी बायकांनी मामीला धरून बसवलं आणि उखाणा घ्यायला लावला. मामीनं उभ्या संसारात मामांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. ‘हे’ आणि ‘घरातले’ यांवर तिचं सगळं भागायचं. ती नाव घेत होती तेव्हा मामा मांडवामागे आचाऱ्याशी हुज्जत घालत होते. त्यांना फक्त बायकांचा हशा ऐकू आला. पुढे त्यांनी विचारलं की मामी लाजून म्हणायची, व्हिडिओत आहे, बघा. बघू कधीतरी म्हणत ते राहूनच गेलं.

कॅमेऱ्याच्या कार्डावरची ती फाईल टीव्हीला उघडेना. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच तिचा फॉरमॅट बदलला, पेन ड्राइव्हवर घातली आणि डबा खाता खाता चित्र पुढेमागे करून पाहिलं. ऑफिसात कॉम्प्युटरचा आवाज बंदच असतो. खाजगी काही तिथे ठेवता येत नाही, म्हणून काम झाल्यावर तिथलं सगळं पुसून टाकलं. त्याच आठवड्यात लेकीच्या गॅदरिंगसाठी कॅमेऱ्याचं कार्डही रिकामं केलं.

दोन दिवसांनी मामांचा फोन. “बाय, चित्र दिसतंय, पण आवाज नाय येत गो.”

“रिमोट बघा मामा. म्यूट झालं असेल.”

“बातम्यांचा येतो ना.”

मी घाईत होते, वैतागले. “मग कान तपासून घ्या एकदा. वय झालं आता.”

ते “बरं” म्हणाले. परत फोन आला नाही, तेव्हा मी समजले की काम झालं.

दिवाळीनंतर वांगणीला गेले तर मामांच्या कानात मशीन. बदलापूरला तीन फेऱ्या मारून बसवून घेतलं होतं. “डॉक्टर बोलला, थोडं कमीच येतं ऐकू,” ते म्हणाले. “तू सांगितलंस ते बरं केलंस. पण तिचा आवाज अजून नाय लागत. तू लाव बघू.”

मी आवाज शेवटपर्यंत नेला. मामी पदर तोंडाशी धरून हसली, मग तिचे ओठ हलले, मग सगळ्या बायका मागे रेलून हसल्या. खोलीत पंख्याचाच आवाज. मला तिथेच कळलं. गेटवरच्या टीव्हीला स्पीकर नाही, म्हणून फाईलमधून आवाज काढून टाकायची टिक मी कायम तशीच ठेवते. मामीच्या फाईललाही तीच टिक लागली होती. मामांच्या कानातल्या त्या मशीनकडे मला बघवेना.

तरीही मी खोटं बोलले. पेन ड्राइव्ह बिघडलाय, घरी दुसरी कॉपी आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले. तिथे पुसलेलं परत काढून देणारा एक दुकानदार आहे. त्यानं संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, इसके ऊपर दूसरा माल चढ गया. बच्चों का डान्स है, चाहिए तो देता हूँ.”

पुढच्या रविवारी जाऊन मामांना सगळं खरं सांगितलं. टिक, कार्ड, सगळं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी टीव्हीशेजारी ठेवली.

“पण तू तर तिच्या समोरच होतीस,” ते म्हणाले. “तूच सांग. काय बोलली ती?”

मी आठवून पाहिलं. एका बाईचं डोकं सारखं मध्ये येत होतं आणि मी तिला हातानं बाजूला हो म्हणत होते, एवढंच आठवलं.

“नाही आठवत, मामा.”

“नाव तरी घेतलं ना माझं?”

“घेतलं,” मी म्हटलं. तेवढंही मी ऐकलेलं नव्हतं.