बाईनं बाहेर बसायचं

राजारामपुरीतले मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. धैर्यशील सरनोबत यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत मुतखडाच होता. वंध्यत्व लिहिलं असतं तर एकही पुरुष जिना चढला नसता. दोष पुरुषात निघाला, की ते बायकोला बाहेर बसवायचे आणि नवऱ्याला एकट्याला सांगायचे. बिचाऱ्याची लाज राहावी म्हणून.

गगनबावड्याकडचा रणधीरही असाच एकटा ऐकून गेला होता. अंग भरायला जिममध्ये घेतलेल्या इंजेक्शनांनी त्याच्या वीर्यात एकही शुक्राणू ठेवला नव्हता. ती बंद कर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोनेक वर्षांनी तो पुन्हा आला. दंड आणखीच फुगलेले, आणि सोबत नवी बायको.

"पहिली कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडली की. तिला पोर हुईत न्हवतं."

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाची लाज राखत बसलो आपण! नवी बायको न सांगताच उठून दाराकडं निघाली होती. तिला त्यांनी ओरडूनच बसवलं. "ताई, ऐका. दोष यांच्यात हाय. तुमच्यात काडीचाबी न्हाय."

रणधीरनं मान खाली घातली. तिनं मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय, कळलं डॉक्टर. मग गोळ्या मी जेवणाआधी घ्यायच्या का नंतर?"