पलंगाखालचा हिरो

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. माझ्या धाकट्या लेकीला कुत्रं चावलं, आणि दोन-तीन दिवसांत ते कुत्रं आमच्या शेळ्यांच्या गोठ्यामागं मरून पडलं. तेव्हा इंजेक्शनं पोटात द्यायचे. रोज औंढ्याहून हिंगोली. एक जरी चुकलं तर पोरगी हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पहिल्या सुईनंतर दवाखान्याचं फाटक दिसलं की पोरगी तिथंच फतकल मारायची.

मी स्वतःला फार हुशार समजायचे. सातवी पास होते ना. नातवंडं यावर अजून हसतात. स्टँडवरून हिंदी कॉमिक घेतलं. कव्हरवर लाल झगा, पिळदार दंड. म्हटलं, हा बहाद्दर बघून पोरीला हिंमत येईल. आत उघडून बघावं, एवढी अक्कल मात्र सातवीत शिकवली नव्हती.

दवाखान्याच्या बाकड्यावर वाचायला घेतलं. हा बाबा उडायचा बराबर, पण मारामारीची वेळ आली की हातपाय गाळायचा. अख्खं शहर हाका मारतंय अन् हा पलंगाखाली. पान उलटलं, तरी तिथंच. ती मालिकाच भित्र्या हिरोची होती, हे स्टॉलवाल्यानं मागाहून सांगितलं. ऐकता ऐकता पोरगी बाकड्याखाली शिरली, आणि आतून आमचा नंबर पुकारला.

साडी सावरत मीही खाली शिरले.

"चल माय, उशीर होऊन राहिला."

"तो गेला का लढायला?"

खोटं सांगावं, तर तेही सुचेना. "न्हाई. इथंच भाग संपला."

"त्याला माय न्हाई का?"

"चित्रात तर दिसत न्हाई."

"मंग त्याला कोन ओढून नेईल?" माझा पदर धरत म्हणाली, "मला तू ओढ. मी रडते, पन तू ओढ."

ओढलं. आत ती ओरडली, मी तिच्याहून मोठ्यानं. सिस्टर म्हणाली, "बाई, इंजेक्शन नेमकं कोणाला द्यायचंय?"

पुढं रोज तसंच. सुया संपल्या, धास्ती संपली नाही. पिसाळल्या कुत्र्याचा आजार झालेलं माणूस पाण्याला भितं, असं ऐकलेलं. तिनं तांब्या तोंडाला लावला की माझा जीव तिच्या घशात अडकायचा.

"काहून बघून राहिलीस?"

"काही न्हाई. अजून थोडं पी."

पोट तट्ट फुगेपर्यंत पाजायचे तिला. पेरणीत कुत्रं चावलेलं; ज्वारी निसवून कणसं बाहेर आली, तरी मी तिच्या हातात तांब्या देतच होते.