दोन तारांचा सांधा

अर्धांगवायू झाल्यापासून आई कडेगावच्या घरी अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं दादाच करायचा. तो तोफखान्यात होता. तोफांच्या आवाजाने कान गेले आणि पेन्शन घेऊन घरी आला. आईची हाक त्याला ऐकू येत नसे.

मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. मुंबईहून पोस्टाने एक लॉजिक चिप मागवली आणि छोटं सर्किट जोडलं. आईने उशाजवळचं बटण दाबलं की दादाच्या खोलीत दिवा लागायचा. महिनाभर ते नीट चाललं.

दिवाळीच्या सुट्टीत दारावरही एक बटण बसवलं. त्याच चिपमधलं दुसरं गेट, म्हणजे बटण दाबलं की पुढे वीज सोडणारा भाग, मोकळं होतं, ते वापरलं. दोन्ही बटणं वेगवेगळी दाबून पाहिली. मग दोन्ही गेटच्या आउटपुटच्या, म्हणजे बाहेर येणाऱ्या, तारा एकत्र पिळून त्याच दिव्याला सोल्डर केल्या. एस.टी.ची वेळ झाली होती. जोडल्यावर पुन्हा तपासलं नाही.

चार दिवसांनी दादाची तार आली. आई खाटेवरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ती एकटीच उठायला गेली होती. दादा शेजारी आपल्या खोलीत पेपर वाचत बसलेला. तिला बटण सापडलं नसावं, असं तो धरून चालला होता.

घरी पोचल्यावर मी आईच्या उशाजवळचं बटण दाबून धरलं. दिवा लागला नाही. चिपला बोट लावलं तर चटका बसला. दादासाठी मी कागदावर लिहिलं, की आईच्या बटणाचं गेट दिवा लावायला जातं तेव्हा दारावरच्या बटणाचं बंद असलेलं गेट तीच वीज आपल्याकडे ओढून घेतं आणि दिवा पेटत नाही. चूक माझी आहे.

त्याने दोनदा वाचलं.

"म्हंजे ती दाबत हुती," तो म्हणाला.

मी मान डोलावली. तो उठून परसात गेला.

त्याच दिवशी प्रत्येक आउटपुटला वीज एकाच दिशेने जाऊ देणारा वेगळा डायोड लावून मगच तारा जोडल्या. वीस-पंचवीस वेळा दिवा लावून पाहिला. आईला सगळं सांगितलं. ती अडखळत म्हणाली, "तू कशाला रडतीस? यंत्र हाय त्ये."

पण त्या बटणाला तिने पुन्हा हात लावला नाही. दादाने आपली खाट उचलून तिच्या खाटेला लावली, आणि ती जाईपर्यंत तो तिथेच झोपत राहिला.