सात महिने बिनतुपाचा भात

माझ्या सासऱ्यांना मी सात महिने बिनतुपाचा भात वाढला. त्यातले पहिले चार दिवस माझ्या रागाचे होते आणि पुढचे सगळे त्यांच्या हट्टाचे. दोघांपैकी जास्त हट्टी कोण, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत हे नवं राज्य झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. आम्ही लश्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या नव्या शहरात, कंपू मोहल्ल्यात राहत होतो. घरात माणसं तीन. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर दरबारच्या दफ्तरात काम करून निवृत्त झालेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकघर आल्या दिवसापासून माझंच. हे मुलांच्या मिडल स्कूलमध्ये गणित शिकवत आणि मी मुलींच्या. पुस्तक तेच, परीक्षा तीच. वार्षिक परीक्षेला मुलांचे पेपर माझ्याकडे तपासायला येत, मुलींचे यांच्याकडे. एकाच चटईवर बसून आम्ही ते तपासायचो आणि मुलं जास्त गाढव की मुली यावर भांडायचो. यांना महिना पंच्याऐंशी रुपये मिळत, मला साठ. नोकरीला मात्र मी यांच्यापेक्षा दोन वर्षं आधी लागले होते.

पगार कमी का, असं मी एकदा मोठ्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याला सरकारी टांगा आहे ना!" खरंच होता. चारी बाजूंनी पडदा सोडलेला टांगा रोज सकाळी दारोदार फिरायचा. बरोबर एक म्हातारी असायची. ती खाली उतरून हाक मारायची, मग आम्ही डोक्यावर पदर घेऊन आत शिरायचो. आत बाई, मुली, डबे, दप्तरं, सगळं एकमेकांच्या मांडीवर. पंचवीस रुपयांत एवढी घुसमट मला फार महाग वाटायची, पण बोलायचं कुणाला?

संस्थान गेलं तसा टांगाही गेला. दरबारी खर्चांना कात्री लागली त्यात तो पहिल्या फटक्यात उडाला. आम्ही कंपूपासून फूलबागेच्या बाजूच्या शाळेत पायी जायला लागलो. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मला मात्र त्या चालण्याचा फार आनंद झाला. इतकी वर्षं याच रस्त्यानं गेले, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत हे मला तेव्हा कळलं. टांगा गेला, पण त्याच्यापायी कापलेले पंचवीस रुपये काही परत आले नाहीत.

मग कचेरीतून फॉर्म आले. ग्वाल्हेरचे, इंदूरचे, आणखी कुठल्या कुठल्या लहान संस्थानांचे नोकर एकाच पगारश्रेणीत बसवायचे होते. म्हणून प्रत्येकानं लिहून द्यायचं होतं: काय शिकवता, किती तास, नोकरीचं स्वरूप काय. एका कामाला एकच श्रेणी मिळणार, असं शाळेत सगळ्यांच्या कानावर आलं होतं. मी मनातल्या मनात नव्या पगाराची बेरीज करूनही टाकली.

बायकांच्या फॉर्मवर घरच्या कर्त्या पुरुषाची तस्दीक लागे, म्हणजे लिहिलेलं खरं असल्याबद्दल त्याची सही. मामंजींचं अक्षर मोत्यासारखं आणि कचेरीची भाषा तोंडपाठ. गल्लीत आम्ही आठ मास्तरणी होतो, सगळ्या दक्षिणी, म्हणजे मराठी घरांतल्या. आठही जणींनी आपापले फॉर्म मामंजींकडे आणून दिले. मी तर कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळी झाले. मुलींना रोज ओरडून सांगायची, आधी प्रश्न पुरता वाचा, मग पाटीला हात लावा. आणि स्वतः ही अक्कल! मामंजींनी दोन दिवस बसून आठ फॉर्म भरले, घरोघरच्या कर्त्यांच्या सह्या घेतल्या आणि स्वतः कचेरीत देऊन आले.

काही महिन्यांनी आदेश लागले. यांना नवी श्रेणी मिळाली. आम्हा आठ जणींना जुनाच पगार. आमच्याच शाळेत हिंदी शिकवणारी एक विधवा बाई होती. तिला मात्र यांच्याबरोबरीची श्रेणी मिळाली. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू? मी तिला विचारलं, तर ती चकित होऊन म्हणाली, "बहनजी, आप लोगों ने तो ख़ुद लिखकर दिया है कि नौकरी शौकिया है. मैं कचहरी में देखकर आई हूँ. मैंने लिखा था, इसी से घर चलता है."

शौकिया! म्हणजे हौसेखातर. घरात बसून कंटाळा येतो म्हणून बाई जरा शाळेत जाऊन येतात.

घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापून लाल झालं होतं. मामंजी ओट्यावर बसून पगडी बांधत होते. दरबार उरला नव्हता, तरी पगडी रोज बांधली जायची. मी चपला काढायच्या आधीच विचारलं, "मामंजी, माझ्या फॉर्मवर शौकिया कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं," ते शांतपणे म्हणाले. "खानदानी घर, नोकरी शौकिया. आठी फॉर्मवर तेच लिहिलं. मग काय लिहायचं होतं, सूनबाई? की आमच्या घरच्या बायका पोटासाठी नोकरी करून राहिल्यात? पूर्ण लश्करात काय इज्जत राहिली असती आपली?"

"आणि माझा पगार?"

"पाचपंचवीस रुपयांसाठी खामखा इतकी नाराजी?"

मला राग पैशाचा होता, नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्या शब्दाचा होता. सहा वर्षं मी घसा सुकवून त्रैराशिक शिकवलं, तापात शिकवलं, पोटातलं मूल गेलं त्यानंतर पंधराव्या दिवशी फळ्यासमोर उभी राहिले. ती माझी हौस? मी म्हटलं, दुरुस्तीचा अर्ज द्या. घरी येतानाच मी कचेरीत विचारून आले होते. पण ज्यानं लिहिलं त्यानंच समक्ष येऊन बदलून द्यायचं, असं सांगितलं होतं. मामंजी नाही म्हणाले. त्या कचेरीत आता त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस हेडक्लार्क होता. त्याच्यासमोर जाऊन सुनेच्या कमाईचं बोलायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "शौकच आहे ना? मग उद्यापासून मला शौक नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी बिनपगारी रजा टाकली. हे हादरले, पण मध्ये पडले नाहीत. दूधतूप घेऊन येणारा घोशी दारात आला त्याला परत पाठवलं. वर्तमानपत्र बंद केलं. पगडीचं कापड धोब्याकडे जायचं होतं ते घडी करून कोनाड्यात ठेवून दिलं. मामंजींना बिनतुपाचा भात म्हणजे शिक्षाच. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी विसरले. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी आमटी जास्त मागून घेतली. चौथ्या दिवशी त्यांनी भाताकडे बघितलं आणि विचारलं, "घोशी येत नाही का आजकाल?"

"येतो. मी परत पाठवते. तूप माझ्या तनखेतून येतं, मामंजी. शौक बंद, तर तूप बंद."

त्यांनी यांच्याकडे बघितलं. "खरं आहे?"

हे मान खाली घालून म्हणाले, "तूप, वर्तमानपत्र, तुमच्या डोळ्यांचं औषध, धोबी. तुमची पेन्शन अडकली तेव्हापासून सगळं हीच बघते. माझ्या पगारात भाडं आणि किराणाच होतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मामंजींना यातलं खरोखरच काही माहीत नव्हतं. दरबारचा कारभार कागदावर नीट ठेवणाऱ्या माणसानं आपल्या घरात कधी डोकावून बघितलं नव्हतं. ते तसाच कोरडा भात जेवले, शेवटचं शीतही सोडलं नाही. माझा राग तिथेच उतरला. जेवत्या माणसाला असं बोलायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

सकाळी त्यांनी कोनाड्यातलं न धुतलेलं कापड काढलं, पगडी बांधली आणि हाक मारली, "सूनबाई, चल. गोरखीकडे जायचं."

कचेरी गोरखीच्या जुन्या वाड्यात होती. कंपूपासून आम्ही पायी गेलो, ते पुढे, मी चार पावलं मागे. हेडक्लार्क त्यांना बघून उठून उभा राहिला, खुर्ची दिली. मामंजी बसले नाहीत. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "साहब, यह सब लिखकर देना आपको अच्छा नहीं लगेगा. मैं ही ऊपर समझा दूँगा."

"नहीं," मामंजी म्हणाले. "काग़ज़ पर ग़लत मैंने लिखा है, काग़ज़ पर ही ठीक करूँगा."

त्यांनी टाक मागितला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. मी त्यांच्या खांद्यामागून वाचत होते. मेरी बहू गणित की अध्यापिका है. पूरे समय काम करती है, वही काम जो मेरा बेटा करता है. मेरा घर दोनों की तनख़्वाह से चलता है. मग जरा थांबून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: मेरी थाली का घी बहू की तनख़्वाह का है.

हेडक्लार्क म्हणाला, शेवटच्या ओळीची गरज नाही. मामंजींनी ती खोडली नाही.

मला रडू आलं. कचेरीत, चार परक्या पुरुषांसमोर मी पदरानं डोळे पुसत उभी राहिले. मामंजींनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "रडतेस काय? अजून सात फॉर्म बाकी आहेत."

त्या संध्याकाळी ते सातही घरी गेले. सहा घरांनी दुरुस्ती मान्य केली. सातव्या घरचे शेवटपर्यंत ऐकेनात. ती बिचारी निवृत्त होईपर्यंत हौसेखातरच शिकवत राहिली. आजही कुठे एकाच कामाला बाईला कमी मिळालं असं ऐकलं, की मी आधी विचारते, तिचा फॉर्म कुणी भरला होता? माझ्या नाती मला हसतात. त्या आपले फॉर्म आपणच भरतात.

दुरुस्ती लिहून दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शाळेत रुजू झाले आणि घोशालाही बोलावलं. पण जेवताना मी तुपाचा चमचा पुढे केला तर मामंजींनी भातावर हात आडवा धरला. "आधी आदेश येऊ दे," म्हणाले. मी विनवलं, यांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. मी खाऊन घेतलं तूप, लाज सोडून. ते मात्र रोज कोरडं जेवत आणि दर सोमवारी कचेरीत जाऊन विचारून येत.

सातव्या महिन्यात आदेश आला. श्रेणी यांचीच. शिवाय मी दोन वर्षं आधीची म्हणून मला यांच्यापेक्षा पाच रुपये जास्त. हे म्हणाले, "आता मी शौकिया झालो वाटतं!" आणि घोशाकडून तूप आणायला स्वतःच गेले. मी भात वाढला, तुपाची वाटी घेऊन मामंजींच्या ताटाशी बसले. हात आडवा येईल म्हणून सवयीनं थांबले. हात आला नाही. त्यांनी ताटच माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "वाढ. किती ते मी सांगणार नाही."