तुपाचं रिकामं गाडगं

त्या तीन वर्षांच्या पोरीचं प्रकरण मी अजून विसरलो नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात माझीच फजिती झाली होती. निजामाचं राज्य होतं. अंबडकडच्या एका ठाण्यात मी अमीन, म्हणजे ठाण्याचा मुख्य अधिकारी होतो.

एका सकाळी एक बाई तणतणत आली. तिच्या भावाची पहिली बायको वारली होती, दुसरी नुकतीच घरात आली होती. "अमीनसाब, भावजय माझ्या भाचीला उपाशी मारून राह्यली! घरात दुभती म्हैस हाय, पण सारं तूप बाजारात विकती. लेकराची नुसती हाडं राह्यली!"

जमादाराला घेऊन मी तडक घर गाठलं. पोरीचे हातपाय काटकुळे, पोट तेवढं फुगलेलं. तुपाचं गाडगं पाहिलं, तर तळाला थेंब नाही. मला आणखी काय हवं होतं? पंचनामा केला आणि सावत्र आईला ठाण्यात आणलं. जेमतेम विशीची असेल.

जबाब घ्यायची माझी एक पद्धत होती. एकच प्रश्न तीनदा विचारायचा, मध्ये इकडतिकडच्या गप्पा मारायच्या. खोटं बोलणारा तिसऱ्यांदा घसरतोच.

"तूप कुठं गेलं?"

"पोरीच्या पोटात, साहेब. रोज तुपात शिरा करून चारते. तरी बी वाळूनच राह्यली, मंग आणखी घालते."

तिन्ही वेळा हेच उत्तर. माझ्याच नियमानं ती खरी ठरायला हवी होती. पण मी मोठा शहाणा! जबाबाखाली शेरा मारला, 'पढवलेली दिसते.'

विषाचाही संशय होता, म्हणून त्याच दिवशी सगळ्यांना मोटारीत घालून जालन्याच्या दवाखान्यात नेलं. पोरगी मी आत्याच्या मांडीवर बसवली. पोरीनं वाटभर आकांत केला. हात सारखे मागे बसलेल्या सावत्र आईकडे.

"साहेब, उपाशी मारणारीकडं लेकरू असं झेपावत न्हाई," जमादार हळूच म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं.

डॉक्टरांनी पोरीची शी तपासायला दिली. प्रयोगशाळेत एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी काचपट्टीवर नमुना पसरला आणि वर लाल रंगाचे थेंब सोडले.

"ये सुदान रंग है. पानी को नई पकड़ता, घी-तेल को च पकड़ता."

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. जिकडे बघावं तिकडे नारंगी गोळेच गोळे!

"देखो अमीनसाब, इत्ता घी! बच्ची खा रई, पर हज़म च नई हो रा. जैसा का वैसा बाहर."

गाडग्यातलं तूप असं सापडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, विषबिष काही नाही, पोरीच्या आतड्यांना तूप पचत नाही. शिरा बंद करा, लोणी काढलेलं ताक आणि पिकलेली केळी द्या. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर पोर हातची गेली असती.

मी पोरीला उचलून सावत्र आईच्या मांडीवर ठेवलं. आरोप गेला तरी तिचं तोंड उतरलेलंच.

"म्हंजी साहेब, म्याच तिला मारून राह्यल्ते?"

चाचा म्हणाले, "नक्को रो बेटी. तेरे को क्या मालूम था?" आत्या उठली, भावजयीजवळ जाऊन बसली आणि आपल्या पदरानं तिचे डोळे पुसू लागली.

तेव्हापासून कुणाचा जबाब तीनदा जुळला, की मी शेरा मारायच्या आधी हात आवरायचो. प्रश्न विचारणं मला येत होतं. उत्तर ऐकायला त्या पोरसवदा बाईनं शिकवलं.

काही महिन्यांनी ती ठाण्याच्या दारात उभी. कडेवर गुबगुबीत पोर, मागे आत्या, आणि हातात तेच गाडगं, काठोकाठ भरलेलं.

"साहेब, हिला तर चालत न्हाई. तुमीच खावा."

नोकरीत मी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. जमादार मिशीत हसत माझ्याकडे बघत होता. मी दोन्ही हातांनी गाडगं घेतलं, आणि रोजनामच्यात त्याची नोंद केली नाही.