नागेशचं पाकीट आणि कुशाबाईची म्हैस

भिगवणच्या दूध केंद्रावर मी कारकून आहे आणि नागेशला गेली तीन वर्षं सहन करते आहे. लासुर्ण्याच्या धनगराचा हा मुलगा आमच्या संघाचे राउटर सांभाळतो. राउटरशी तो लाडीगोडीनं बोलतो, माणसांना मात्र 'बंद करून चालू करा' एवढंच सांगतो. पण हाताला गुण आहे, म्हणून त्याचा तोरा आम्ही चालवून घेतो.

यंदा केंद्रावर जनावरांची सोनोग्राफी सुरू झाली. मशीन आमच्याकडं, डॉक्टर वृषाली बारामतीला. नागेशनं मशीनची वाट केंद्रावरच्या पाळतीच्या कॅमेऱ्यांपासून वेगळी काढली. तिला तो व्हीलॅन म्हणतो. ती वाट त्यानं इंटरनेटमधून नेलेल्या बंदिस्त बोगद्याला जोडली, की झाली बारामतीशी गाठ. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

पहिलीच म्हैस आली कुशाबाईची. दोनदा गाभडलेली, आता पाचवा महिना, आणि दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. पोटातलं जिवंत आहे की नाही, हे डॉक्टरांनी चित्र पाहूनच सांगायचं होतं. टेम्पो बाराला यायचा होता; तोवर चित्र गेलं नाही तर म्हैस त्यात घालून बारामतीला न्यायची. त्या रस्त्याचे हादरे तिला सोसतील, असं कुणालाच वाटत नव्हतं. कुशाबाई म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी होती.

चित्र काही जाईना. मेसेज जात होते, चित्र सुरू होऊन तिथंच अडकत होतं. नागेशनं वायर बदलली, राउटर दोनदा बंद-चालू केला, बारामतीच्या दवाखान्यातल्या संगणकवाल्यावर फोनवरून डाफरला. मग स्क्रीन माझ्यापुढं धरली. नेटवरून सगळी माहिती तुकडे होऊन जाते, त्या तुकड्याला तो पाकीट म्हणतो; तिकडं चाचणीचं पाकीट पाठवलं की लगेच उत्तर येत होतं, म्हणजे लाइन ठणठणीत आहे आणि दोष मशीनचा, असा त्याचा निकाल. साडेअकरा वाजले होते.

त्याचे वडील बिरूआबा बाकड्यावर बसले होते. मेंढरं विकल्यापासून घरात करमत नाही म्हणून ते अधूनमधून मुलाच्या गाडीवर मागं बसून येतात. चाचणीचं पाकीट केवढं असतं, असं त्यांनी विचारलं. नागेश तुटकपणे म्हणाला, बत्तीस बाइटचं. चित्राचं केवढं, तर पंधराशेचं.

आबा म्हणाले, "कोकरू सोडून मेंढवाड्याचं दार मोजतुयास व्हय? आमी गाभण मेंढी सोडून बघायचो. ती निघाली की समदी निघत्यात."

नागेश ओरडेल म्हणून मी अंग चोरलं. पण तो खाली बसला आणि मोठी पाकिटं सोडू लागला, तीही मधे तुकडे करायचे नाहीत अशी ताकीद देऊन. साडेचौदाशेचं गेलं नाही. चौदाशेचं गेलं. मग त्यानं कपाळावर हात मारला. बोगद्यात शिरताना प्रत्येक पाकिटावर वरून आणखी एक वेष्टण चढतं, व्हीलॅनची चिठ्ठी चिकटते, आणि भरलेलं पाकीट दारात मावत नाही. राउटर ते मुकाट्यानं टाकून देतो, कुणाला सांगत नाही. चिमुकलं पाकीट वेष्टणासकट आरामात जातं, म्हणून सगळं ठीक दिसतं.

त्यानं मशीनला आणि पलीकडच्या संगणकाला चौदाशेच्या वरचं पाकीट बांधू नका, असं बजावलं. बारा वाजायला सात मिनिटं असताना चित्र पुन्हा पाठवलं. या वेळी ते कुठंच थांबलं नाही.

वृषालीताईंचा फोन आला. पोटातल्या रेडकाचं काळीज व्यवस्थित चालू आहे, म्हशीला अपचन झालंय, औषध सांगते, म्हैस हलवू नका. कुशाबाई म्हशीच्या गळ्यात पडून रडू लागली. मीही रडले, लपवलं नाही. मग ती नागेशच्या पाया पडायला वाकली.

त्यानं तिला खांद्याला धरून वर घेतलं. शिकायला लागल्यापासून धनगर म्हटलं की मान खाली घालणारा हा माणूस बाकड्याकडं हात करून म्हणाला, "माझ्या न्हाय, मावशी. ते माझे वडील. मेंढरं राखायचे."