मुन्नाची मोटर

"हं, बस."

एवढं म्हणून ती बाई बोलता बोलता तुमच्याकडे सरळ पाठ फिरवायची. गुडघ्यांत वाकायची, दोन्ही हात मागे करायची आणि तशीच थांबायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रागच आला. मी सौंसरच्या शाळेत नव्यानं लागले होते. समोरच्या खोलीत राहायला आले म्हणून ओळख करून घ्यायला गेले, तर हिनं माझं वाक्य अर्ध्यावर टाकून भिंतीकडे तोंड केलं! मग ओट्यावरून एक पोरगा हातांवर सरकत सरकत आला आणि तिच्या पाठीवर चढला. तिनं कापड गुंडाळलं, पोटावर गाठ मारली, उभी राहिली.

"हं, आता बोला जी."

गल्लीत तिला सगळे मुन्नाची आई म्हणत. तिचं स्वतःचं नाव घेऊन हाक मारणारं माणूस तिथे कोणी नव्हतं. मुन्ना रांगत होता तेव्हा त्याला ताप आला आणि पोलिओनं दोन्ही पाय गेले. नवरा परासियाला कोळशाच्या खाणीत. आधी महिन्याला यायचा, मग सणावाराला, मग सणावारालाही येईनासा झाला. ही घरी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची.

कडेवर मूल घेतलेल्या बाया तुम्ही रोज पाहता. ते मूल नुसतं आईच्या हातावर बसत नाही, स्वतःच्या पायांनी तिच्या कमरेला विळखा घालून बसतं. हे मला मुन्नाच्या आईनं सांगितलं तेव्हा कळलं. मुन्नाचे पाय नुसते लोंबायचे. कडेवर घेतला की पोतं घसरावं तसा खाली यायचा. म्हणून तिनं त्याला बांधायला सुरुवात केली.

पहिली युक्ती माहेरची. मोहगावला शेतात कापूस वेचताना बाया कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करतात, त्यात कापूस टाकत जातात. हिनं तीच ओटी मागे फिरवली आणि त्यात मुन्नाला बसवलं. चार पावलं चालली की पोरगा कमरेच्याही खाली.

"कापूस चुपचाप बसते जी," ती म्हणाली. "पोट्टा बसते का?"

मग तिच्या स्वतःच्या आईचं जुनं नऊवारी लुगडं काढलं. खांद्यावरून, काखेतून, पोटावरून वेढे घेत घेत बांधायचं. पोरगा हलायचा नाही, पण शाळेची घंटा व्हायची तरी हिचे वेढे संपायचे नाहीत. उन्हाळ्यात तर आईच्या पाठीवर आणि लेकाच्या पोटावर सारख्याच घामोळ्या. दोघं संध्याकाळी ओट्यावर बसून एकमेकांना पावडर लावायचे.

एकदा आमच्या हेडमास्तरांची बहीण अमेरिकेहून आली. तिनं तिच्या बाळाची निळी झोळी मुन्नासाठी दिली. बकलं, पट्टे, मऊ अस्तर, सगळा थाट! गल्ली बघायला जमली. पण ती होती छातीवर घ्यायची, तान्ह्या बाळाची. मुन्ना तेव्हा पहिलीत. एक पाय कसाबसा आत गेला, दुसरा जाईना, आणि पोरगा हसून हसून लोळायला लागला.

"तिकडचे पोट्टे इतलेच राह्यते का जी?" तिनं गंभीरपणे विचारलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर बाईसाहेबांनी ती झोळी उसवून तिचे तुकडे चटईवर मांडलेले. पट्टा कुठं जोडलाय, भार कुठं येतो, सगळं पाहिलं. मग संत्र्याच्या ट्रकवरची फाटकी तिरपाल मिळवली आणि मुन्नाच्या मापाची नवी शिवली. पायांना दोन भोकं, कमरेला रुंद पट्टा, खांद्याच्या पट्ट्यांत मोहगावचा कापूस भरलेला. मुन्ना त्यात पाय दुमडून ऐटीत बसायचा, आईच्या कानाशी "पों पों" करायचा. शाळेच्या फाटकाशी पोरं ओरडायची, "मुन्नाची मोटर आली! मुन्नाची मोटर आली!"

तो वाढत होता, मोटर मात्र तीच. कोणी म्हटलं, आता जड झाला असेल, की तिचं उत्तर ठरलेलं.

"वजन कुठं हाय जी त्याले?"

कपाळावरून घामाच्या धारा वाहत असायच्या, पण दोन्ही हात मागे त्याच्या आधाराला, त्या पुसायला मोकळे नसायचे.

मोटर सुरू झाली की तिचं तोंडही सुरू व्हायचं. मान जराशी उजवीकडे वळवून ती खांद्यावरून मागे बोलायची. कोणाचा ब्लाउज तंग झाला, कोणती बाई बाह्यांवरून भांडून गेली, रात्री भाकर खायची की खिचडी. मुन्ना कानात उत्तरं द्यायचा. इतर कोणाशी ती एवढं बोलताना मी पाहिली नाही. बाया मुन्नाकडे पाहून "च्च" करायच्या, ते तिला खपायचं नाही. हळदीकुंकवाला गेली तर दारातच कुंकू लावून घ्यायची आणि चालू लागायची. तिच्या घरात बोलायला मुन्नाशिवाय कोणी नव्हतं. मीही एकटीच राहत होते, त्यामुळे संध्याकाळी त्यांची बडबड ऐकू आली की मला बरं वाटायचं.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू, असा धोशा मीच लावला. तिघं बसनं गेलो. डॉक्टरांनी मुन्नाचे हात दाबून पाहिले, त्यांतला जोर पाहून खूश झाले. मग पाय सरळ करायला गेले, तर गुडघे होईनात.

"याला आणता-नेता कसं?"

तिनं अभिमानानं पाठ फिरवून मोटर दाखवली. डॉक्टर बराच वेळ ती शिवण पाहत राहिले.

"केलंय सुरेख, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "पण यात दुमडून बसून बसून गुडघे आखडलेत. पाय सरळ केले, लोखंडी पट्टे लावले, तर हा कुबड्यांवर चालेल. फक्त याला पाठीवरून उतरवा."

"कवा?"

"आजपासूनच."

सौंसरच्या स्टँडवरून घरी तिनं त्याला दोन्ही हातांवर आडवा आणला. मोटर माझ्या खांद्यावर रिकामी लोंबत होती. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यानं जाताना दोघांची तोंडं समोरासमोर होती आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

"आई," शेवटी मुन्नानं विचारलं, "आता हॉर्न कुठून वाजवू?"

दारात आल्यावर ती मला म्हणाली, "बाई, मीच बिघडवलं का जी त्याले?"

मी म्हटलं, तुम्ही पाठीवर घेतला नसता तर त्यानं शाळा पाहिली नसती. हे खरंच होतं. तिला पटलं की नाही, कोण जाणे.

पुढे प्लास्टर झालं, पट्टे आले, कुबड्या आल्या. नागपूरला अशा मुलांचं वसतिगृह होतं, शाळा आणि व्यायाम तिथेच. डॉक्टर म्हणाले, इथे ठेवा, चांगला चालेल. तिनं तो पावसाळा नुसता हो-नाही करण्यात काढला. पोरगा चालावा म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले होते, आणि तो चालला की घर रिकामं होणार हेही तिला दिसत होतं. शेवटी मुन्नाच म्हणाला, "मी जातो आई. मले जमते."

दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले, त्यामुळे खांद्याची पिशवी सारखी घसरायची. तिनं मोटर उसवली आणि त्या तिरपालीचं पाठीवर घ्यायचं दप्तर शिवलं. पट्टे तेच, आखूड केलेले. कापूसही तोच.

वसतिगृहाला पायऱ्या होत्या. आम्ही खाली उभे होतो. मुन्ना पहिल्या पायरीशी थांबला, आणि ही एकदम त्याच्यापुढे झाली, पाठ फिरवली, वाकली, हात मागे केले.

"हं, बस."

"आई, बाजूले हो ना," मुन्ना म्हणाला. "मले चढू दे."

ती तशीच वाकलेली राहिली. तो तिला वळसा घालून खटक खटक करत एकेक पायरी चढला. तिनं मान वर केली. एवढी वर्षं तो तिच्या मागे होता. रस्त्यानं जाताना त्याची पाठ दिसायची ती आम्हाला, तिला कधीच नाही. दप्तर बांधलेली ती पाठ दारातून आत जाईपर्यंत ती पाहत होती.

परतीच्या बसमध्ये ती सीटच्या अगदी कडेला बसली. मागे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"टेकून बसा ना," मी म्हटलं.

"जमत नाई जी."

त्यानंतर गल्लीतल्या संध्याकाळी शांत झाल्या. मशीनचा आवाज यायचा, बोलण्याचा नाही. मुन्ना दिवाळीला यायचा तेव्हा घर चार दिवस गाजायचं, मग पुन्हा मशीन.

काही वर्षांनी माझी पांढुर्ण्याला बदली झाली. निघायच्या सकाळी मी वळकटी बांधून दारात रिक्षाची वाट पाहत होते. ती समोरून आली, माझ्याकडे पाठ केली, गुडघ्यांत वाकली आणि हात मागे केले.

"हं, ठेवा."

मी नको नको म्हणत होते, पण ती हलेना. शेवटी वळकटी तिच्या पाठीवर ठेवली. ती झरझर चालू लागली, मी ट्रंक घेऊन बाजूनं. थोडं अंतर गेल्यावर ती बोलायला लागली. मुन्नाला तिकडे जेवायला काय देतात, थंडी पडली की पट्ट्यांचं लोखंड किती गार लागत असेल, या खेपेला त्याला पूर्ण बाह्यांचा स्वेटर द्यायचा. मी "हो ना" म्हणायला तोंड उघडलं आणि पाहिलं, तर ती माझ्याशी बोलतच नव्हती. मी होते डावीकडे. तिची मान उजवीकडे वळलेली होती, खांद्यावरून मागे. एक वाक्य झालं की ती जराशी थांबायची आणि मग पुढचं बोलायची.

स्टँडवर मी वळकटी उतरवून घेतली. "फार जड होती ना?"

तिला क्षणभर सरळ उभं राहता येईना.

"वजन कुठं हाय जी त्याले," ती म्हणाली.